शेण, पाचट, स्पेंटवॉश आणि सूक्ष्मजीव: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध संस्थेच्या कट्ट्यावर, गुऱ्हाळावर, कॉलेजच्या कार्यक्रमात लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं देणारा सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला आणि घरी ऊस असलेला माणूस आहे. त्यामुळे काही ठिकाणी मत उघड दिसेल, ते तसंच ठेवलं आहे.

कार्बनचा पुनर्वापर म्हणजे नेमकं काय? सोप्या भाषेत सांगा.

ऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याची साखर, पानं, चोथा बनवतो. तोडणी झाली की हा कार्बन वाटा फुटल्यासारखा विखुरतो. साखर पोत्यात जाते, बगॅस म्हणजे चोथा बॉयलरमध्ये, मोलॅसिस म्हणजे साखर काढल्यावर उरलेली मळी डिस्टिलरीत, वाढे म्हणजे हिरवे शेंडे म्हशीच्या पुढ्यात आणि पाचट म्हणजे वाळलेली पानं बऱ्याचदा काडेपेटीच्या तोंडी. प्रत्येक वाटेवर तो शेवटी हवेतच परततो. प्रश्न इतकाच, की परतण्याआधी त्याच्याकडून आणखी एखादं काम करून घेतलं का? शेणातला कार्बन उकिरड्यावर उडून गेला तर काहीच हाती लागलं नाही. तोच टाकीत कुजवून चूल पेटवली आणि उरलेला शेतात घातला तर दोन कामं झाली.

पेट्रोल, कोळसा आणि नाफ्त्यातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता. तो वर आला की हवेत नव्याने भर पडते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण आता दहा लाखांत ४२० भागांच्या वर गेलं आहे, ते मुख्यतः याच भरीमुळे. जमिनीवर फिरणाऱ्या कार्बनवर जितकी कामं भागवता येतील, तितका खालचा उपसावा लागणार नाही. शाश्वत अर्थव्यवस्था म्हणून जे भाषणांत सांगतात, त्यातला कामाचा भाग एवढाच.

त्यासाठी सूक्ष्मजीवच कशाला? रसायनांनी होत नाही का?

होतं, पण रासायनिक प्रक्रियेला बहुधा मोठं तापमान, मोठा दाब आणि स्वच्छ कच्चा माल लागतो. शेण, गटाराचं पाणी, स्पेंटवॉश (अल्कोहोल काढल्यावर डिस्टिलरीत उरणारं सांडपाणी) यांतलं काहीच स्वच्छ नाही. सूक्ष्मजीव ३०–४० अंशांना, साध्या दाबाला, असल्या घाणीतच काम करतात.

त्यांच्या अडचणीही आहेत. ते सावकाश चालतात आणि माल पातळ देतात. यीस्ट मोलॅसिस आंबवून साधारण ८ ते १२ टक्के अल्कोहोलपर्यंत नेतं, पुढे स्वतःच्याच अल्कोहोलने बेजार होतं. उरलेलं पाणी उडवायला वाफ खर्चावी लागते. ती वाफ बगॅसवर तयार होते म्हणून आपल्याकडे गणित जमतं. कोळशावर तयार केली असती तर फायद्यातला बराचसा भाग धुरातच गेला असता.

हे सगळं अलीकडे आलेलं फॅड आहे का?

नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्ये मैल्यापासून निघालेल्या गॅसवर दिवे लागत होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला दारूगोळ्यासाठी ॲसिटोन कमी पडलं, तेव्हा खाइम वाइझमन यांनी क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्यूटिलिकम या जिवाणूकडून पिठापासून ते बनवून घेतलं. हेच वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ॲसिटोन आणि ब्यूटेनॉलचे असे कारखाने बरीच वर्षं चालले. नंतर खनिज तेल इतकं स्वस्त झालं की ते एकामागून एक बंद पडले. जिवाणू कामात कमी पडले नव्हते, भावात मार खाल्ला. आजही बॅरलचा दर पडला की या क्षेत्रातल्या लोकांची झोप उडते.

आमच्याकडे दोन म्हशी आहेत. गोबर गॅस परवडेल का?

हिशेब करून बघा. दोन म्हशींचं मिळून रोज साधारण २५ ते ३० किलो ताजं शेण हाती लागतं. किलोमागे सुमारे ४० लिटर गॅस धरला तर दिवसाला एक ते सव्वा घनमीटर होतो. एक घनमीटर गॅस अंदाजे ४५० ग्रॅम एलपीजीचं काम करतो. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर महिन्याभरात सुटतो. लहान कुटुंबाचा दोन वेळचा स्वयंपाक त्यात बराचसा भागतो. पाहुणे आले की मात्र सिलिंडर लागतोच.

टाकीत काम करणाऱ्यांची एक साखळी असते. पहिली टोळी शेणातल्या चोथ्याचे तुकडे पाडते, दुसरी त्यांची आम्लं बनवते, तिसरी त्या आम्लांचं ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करते, आणि शेवटी मिथेनोजेन त्यापासून मिथेन बनवतात. हे मिथेनोजेन बॅक्टेरियाही नव्हेत, आर्किया नावाच्या वेगळ्याच घराण्यातले आहेत. ते म्हशीच्या पोटात आधीपासून असतात आणि शेणाबरोबर टाकीत येतात. म्हणून शेणाच्या टाकीला विकतचं कल्चर, म्हणजे जिवाणूंचं विरजण, घालायची गरज नसते. कुणी विकायला आला तर चहा पाजून वाटेला लावा.

बिघाड होतो तो बहुतेक वेळा शेवटच्या टोळीमुळे. ती सगळ्यांत नाजूक असते. एका दिवशी शिळं अन्न, आंबलेली काकवी, फळांचा चोथा असं बरंच काही एकदम ओतलं तर आधीच्या टोळ्या भराभर आम्ल करतात, मिथेनोजेनना ते उरकत नाही, टाकी आंबते आणि ज्योत लागेनाशी होते. अशा वेळी आठवडाभर खुराक बंद ठेवायचा, मग थोडं थोडं शेण-पाणी सुरू करायचं. फिनेल आणि साबणाचं पाणी टाकीत कधीच जाऊ देऊ नका. प्रतिजैविकांची इंजेक्शनं चालू असलेल्या जनावराचं शेणही काही दिवस बाजूला टाका.

डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी पडतो ही तक्रार खरी आहे. या मंडळींना ३५ अंशांच्या आसपास बरं वाटतं. थंडीत शेण कालवायला कोमट पाणी घ्या आणि टाकीभोवती पाचट रचा, थोडा फरक पडतो.

गोबर गॅसने शेणातलं सत्त्व निघून जातं, खत हलकं होतं, हे खरं का?

गॅसमध्ये जातो तो कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि थोडं गंधक. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतच राहतात. उलट नत्राचा काही भाग पिकाला लगेच घेता येईल अशा अमोनियाच्या रूपात येतो. पण तीच स्लरी उघड्या खड्ड्यात उन्हात ठेवली तर तो अमोनिया उडून जातो आणि उरलासुरला मिथेनही हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापदायक आहे. खड्डा झाका, पाचटाच्या थरावर स्लरी सोडा आणि खत मातीत मिसळा.

टाकी साफ करायला आत उतरलं तर चालेल ना? गॅस तर संपलेला असतो.

नाही. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साठलेले असतात आणि प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. म्हणून ‘वास येत नाही म्हणजे गॅस नाही’ हा समज जीव घेतो. एक जण पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. हे काम माहीतगार माणसांकडून, साधनं घेऊनच करवून घ्या.

पाचट जाळलं तर काय बिघडतं? राखही खतच की.

राखेत पालाश आणि स्फुरद बऱ्यापैकी राहतो, हे कबूल. पण नत्र जातो आणि कर्ब, म्हणजे कार्बन, जातो. एका एकरात तीन-चार टन पाचट निघतं. त्यात सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के, नत्र सुमारे अर्धा टक्का. म्हणजे काडी ओढली की एकरी टन-सव्वा टन कर्ब आणि पंधरा-वीस किलो नत्र दहा-पंधरा मिनिटांत संपतं. हाच नत्र आपण नंतर युरियाच्या पोत्यातून विकत आणतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पाचट कुजवलं तरी त्यातला बराचसा कार्बन सूक्ष्मजीवांच्या श्वासातून हवेतच जातो, थोडाच मातीत टिकतो. मग फायदा काय? फायदा असा, की जाता जाता तो मातीतल्या जिवांना वर्षभर खायला घालतो. त्यांच्या चिकट स्रावाने मातीचे कण धरून राहतात, पाणी मुरतं, गांडुळं येतात. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली गेलेली जमीन कितीही खत घातलं तरी दाद देत नाही, हे हातकणंगले-शिरोळ भागातल्या जुन्या बागायतदारांना वेगळं सांगायला नको. तिथे क्षारपडीचं दुखणं आणखी वेगळं आहे आणि त्याला निचरा लागतो. नुसत्या पाचटाने ते बरं होत नाही.

खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट सरीत दाबून प्रत्येक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत ही शिफारस जुनी आणि चांगली आहे. युरिया अशासाठी, की पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र तुटपुंजं असतं. कुजवणाऱ्यांना नत्र कमी पडलं की ते मातीतलं ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, पाचटाने ऊस बसला. पाचटाचा दोष नसतो, थोड्याशा युरियाची कंजुषी नडलेली असते.

जीवामृत, वेस्ट डीकंपोजर, बाजारातली कल्चरं, यातलं कोणतं चांगलं?

ज्याच्याबरोबर तुम्ही शेतात भरपूर सेंद्रिय माल टाकाल ते. सूक्ष्मजीवांना खायला नसेल तर चांगल्यातलं चांगलं कल्चर आठवड्याभरात उपाशी मरतं. जीवामृतात २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन घालतात. त्यातला गूळ हा जिवाणूंचा पहिला घास. आपल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो पिवळाधमक गूळ त्यात घालू नका. काळा, मऊ पडलेला गूळ जिवाणूंना तितकाच गोड लागतो.

विकतचं कल्चर घेताना तारीख बघा, सावलीत ठेवलेलं घ्या, आणि तीच बाटली सगळ्या रोगांवर चालते असं सांगणाऱ्या दुकानदारापासून लांब राहा.

उसासाठी ॲसिटोबॅक्टर वापरावं का?

वापरावं. हा जिवाणू उसाच्या आतच राहून हवेतलं नत्र बांधतो. ब्राझीलमध्ये जोहाना डोबेराइनर यांच्या गटाने १९८८ मध्ये तो उसात शोधला. आपल्याकडे पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने तो शेतकऱ्यांपर्यंत नेला. युरिया पूर्ण बंद होत नाही, कमी होतो. आणि युरिया बनवायला नैसर्गिक वायू जळतो, म्हणून इथे वाचलेलं एक पोतं म्हणजे जमिनीखालचा तितका कार्बन न उपसणं.

डिस्टिलरीत मोलॅसिस आंबताना निघणाऱ्या गॅसचं काय होतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून जरा लांबून सांगतो.

यीस्ट ग्लुकोज या साध्या साखरेच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू करतं. वजनात १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे साखरेतल्या सहा कार्बनपैकी चार आपल्या कामी येतात आणि दोन गॅस होऊन उडतात. एक लिटर इथेनॉलमागे हा गॅस साधारण पाऊण किलो भरतो. दिवसाला ६० हजार लिटर काढणाऱ्या डिस्टिलरीतून रोज ४५ टन.

आता यातली गंमत बघा. कोळशाच्या चिमणीतून निघणाऱ्या धुरात कार्बन डायऑक्साइड १०–१५ टक्के असतो, बाकी मुख्यतः नत्र. तो वेगळा काढायला खर्च येतो. फर्मेंटरमधून मात्र जवळजवळ शुद्ध गॅस येतो. धुऊन, वाळवून, दाबला की सोड्याच्या बाटलीत, कोरड्या बर्फात, वेल्डिंगला चालतो. काही डिस्टिलऱ्या तो गोळा करतातही. पण सोडा उघडला की तो हवेत जातोच, फक्त एक फेरी जास्त होते.

पुढची पायरी म्हणजे त्याच गॅसला हायड्रोजन देऊन जिवाणूंकडून पुन्हा ॲसिटिक आम्ल, अल्कोहोल किंवा प्रथिनं बनवून घेणं. फिनलंडच्या सोलर फूड्स कंपनीने २०२४ मध्ये हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर वाढणाऱ्या जिवाणूंपासून प्रथिनांची भुकटी बनवणारा कारखाना सुरू केला. जिवाणूंकडून ते होतं, यात आता शंका उरली नाही. अडतं ते हायड्रोजनच्या दरावर. स्वस्त विजेवर पाणी फोडून हायड्रोजन मिळू लागला तर फर्मेंटरच्या झाकणाखालचा हा गॅस डिस्टिलरीचा दुसरा कच्चा माल होईल. तोवर निदान तो मोजायला तरी सुरुवात करावी, कारण कारखान्यांच्या अहवालांत त्याचं नावही सहसा नसतं.

आणि स्पेंटवॉश?

एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश. रंग काढ्यासारखा तपकिरी, आणि त्यातलं सेंद्रिय ओझं घरगुती सांडपाण्याच्या शे-दोनशे पट. ओढ्यात सुटला तर मैलोन्‌मैल जीव मरतात. बंद टाकीत टाकला तर हेच ओझं मिथेनचा कच्चा माल ठरतं. घनमीटरला २५–३० घनमीटर बायोगॅस सहज निघतो.

गॅस काढल्यावरही रंग जात नाही. तो मेलॅनॉइडिन नावाच्या द्रव्यांचा, आणि ती बहुतेक जिवाणूंना पचत नाहीत. म्हणून पुढे तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्या राखेत पालाश असतो, आणि १४.५ टक्के पालाशाचं हे खत आता केंद्राच्या अनुदानाच्या यादीतही आहे. पालाशाची पोती आपण परदेशातून आणतो आणि उसाने मातीतून उचललेला पालाश डिस्टिलरीच्या मागे पडून असतो. काही ठिकाणी गॅसची पायरी वगळून स्पेंटवॉश थेट आटवून जाळतात. यंत्रं कमी लागतात, पण मिथेन हातचा जातो. माझं मत गॅस आधी काढण्याचं.

आता कारखाने प्रेसमडपासून सीएनजीसारखा गॅस करणार म्हणतात. ते चांगलंच ना?

चांगलं आहे, एका अटीवर.

केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये बायोगॅसपासून वाहनांचं इंधन करण्यासाठी ‘सतत’ योजना आणली. बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड काढून मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेला की तो सीएनजीच्या जागी चालतो. प्रेसमड म्हणजे उसाचा रस गाळताना उरणारा गाळ, तो उसाच्या तीन-चार टक्के निघतो आणि साधारण २५ टनांपासून एक टन गॅस मिळतो. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांकडे माल तयार आहे, गाळपाच्या दिवसांत ढीग आवरत नाहीत.

पण तो प्रेसमड आजवर कुठे जात होता? शेतात. ट्रॉली भरून नेणारे शेतकरी सगळ्यांनी पाहिलेत. तो सगळा गॅसला गेला आणि उरलेलं खत लांबच्या बाजारात पिशव्या भरून विकलं गेलं, तर ऊस पिकवणारी जमीन आणखी भुकी राहील. पाचटाचे गठ्ठे बांधून बॉयलरला विकण्याचंही तसंच. एखाद्या वर्षी पैसे मिळतील आणि पाच वर्षांनी एकरी टनेज खाली येईल. म्हणून अट ही, की ज्या शेतातून ऊस आला त्या शेताला गॅस काढलेलं खत ठरल्या प्रमाणात परत मिळावं आणि हे ऊस नोंदणीच्या करारातच लिहिलेलं असावं. सभासदांनी वार्षिक सभेत दराबरोबर हाही प्रश्न विचारावा. सभा वादळी होतेच, निदान कारण तरी नवं मिळेल.

मग यातून उसाला दर वाढून मिळेल का?

आपोआप नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि पहिल्या टप्प्यातले उपपदार्थ यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा उसाला द्यावा असं सुचवलं. बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड हे ते उपपदार्थ. त्यापुढचं इथेनॉल, गॅस, पालाश यांचा नफा वेगळ्या खात्यात राहतो. कमाई जसजशी या पुढच्या मालाकडे सरकेल, तसतसं ७०:३०चं सूत्र कमी पडत जाईल.

शिवाय धोरण बदलतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं आणली आणि पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. ज्यांनी कर्ज काढून प्रकल्प वाढवले होते त्यांचे चेहरे त्या हंगामात बघण्यासारखे होते.

ई-२० पेट्रोलने गाडीचं ॲव्हरेज कमी होतं का?

थोडं होतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं तर कागदावर सहा-सात टक्के घट येते. प्रत्यक्षात इंजिनाप्रमाणे कमी-जास्त. जुन्या गाडीचे रबरी पाइप तपासून घ्या.

शिरोलीच्या फौंड्रीच्या धुरापासून इथेनॉल होईल का? चीनमध्ये करतात म्हणे.

चीनमध्ये करतात, खरं आहे. क्लॉस्ट्रिडियम ऑटोइथॅनोजेनम नावाचा जिवाणू कार्बन मोनॉक्साइड खाऊन इथेनॉल बनवतो. तो पहिल्यांदा सापडला सशाच्या लेंड्यांत. लॅन्झाटेक या कंपनीने त्याला कामाला लावलं आणि २०१८ मध्ये शोगांग पोलाद कारखान्याच्या गॅसवर पहिला व्यापारी प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडे पानिपतच्या इंडियन ऑइल रिफायनरीत याच पद्धतीचा, दिवसाला १२८ हजार लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे.

आता शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित वसाहत. क्युपोला भट्टीत कोक जळतो, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तरी जमणार नाही. पोलादाची झोतभट्टी रात्रंदिवस चालते, आपली क्युपोला ओतकामाच्या तासांपुरती. हा जिवाणू प्राणवायू लागला की मरतो, आणि भट्टीच्या दारातून हवा शिरतेच. वर धूळ आणि गंधक. शिवाय बऱ्याच फौंड्र्या विजेच्या इंडक्शन भट्ट्यांवर गेल्यात, तिथे खायला मोनॉक्साइडच नाही. फौंड्रीवाल्यांनी आधी वाया जाणारी उष्णता पकडावी आणि सौर वीज घ्यावी. जिवाणूंचा नंबर तिथे फार नंतर लागतो.

प्लास्टिकही म्हणे जिवाणू करतात?

दोन प्रकारे. दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि ते जोडून पीएलए नावाचं प्लास्टिक बनतं. काही जिवाणू अडीअडचणीसाठी पेशीतच पीएचबी नावाचं प्लास्टिकसारखं द्रव्य साठवतात. मोरिस लेमोइन्य यांनी ते १९२६ मध्येच ओळखलं होतं. जेजुरीत प्राज कंपनीने २०२४ मध्ये पीएलएचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं, आणि बलरामपूर चिनी या साखर कंपनीने कुंभीला मोठा कारखाना काढायचं ठरवलं. नाव ऐकून कोल्हापूरकरांनी कान टवकारू नयेत, ती कुंभी उत्तर प्रदेशातली.

पीएलएची पिशवी उकिरड्यावर टाकली की विरघळते असं मात्र समजू नका. तिला सुमारे ६० अंशांची, व्यवस्थित चालवलेली कंपोस्टची भट्टी लागते. रंकाळा तलावात पडली तर तीही तरंगतच राहील.

रंकाळ्याच्या केंदाळापासून गॅस का करत नाहीत?

केंदाळात, म्हणजे जलपर्णीत, ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ट्रकभर वाहून आणलं तरी गॅसपुरता माल मूठभर, त्यामुळे वाहतुकीतच पैसे संपतात. सांडपाण्यावर वाढलेलं केंदाळ जड धातूही शोषतं, म्हणून त्याचं खत तपासल्याशिवाय भाजीला घालू नये. केंदाळ माजतं ते पाण्यात नत्र-स्फुरद उतरल्यामुळे. नाले अडवले नाहीत तर काढणारे दरवर्षी काढत राहतील.

पंचगंगेत मासे मरतात त्याचा या सगळ्याशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी नदीत आलं की नदीतले जिवाणू त्यातला कार्बन खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे पाणी थबकलेलं असतं, गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी. पहाटे तो तळ गाठतो आणि मासे वर येऊन तडफडतात.

सांडपाणी प्रकल्पात हेच जिवाणू हेच काम करतात, फक्त टाकीत आणि हवा भरून. ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये निघाली. कसबा बावड्याचा ७६ दशलक्ष लिटरचा प्रकल्प चालू असला आणि नाल्याचं पाणी त्याच्यापर्यंत पोचलं, तर नदीला ते काम करावं लागत नाही. हवा भरायला वीज लागते, पण उरलेल्या गाळापासून गॅस काढून विजेचा काही भार हलका करता येतो.

कार्बन क्रेडिटचे एजंट गावात आलेत. सही करू का?

घाई नको. कार्बन क्रेडिट म्हणजे हवेत जाणारा कार्बन रोखल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे, म्हणजे कल्पना खोटी नाही. पण करार किती वर्षांचा, मधेच जमीन विकली तर काय, मातीचे नमुने कोण तपासणार आणि शंभरातले किती रुपये तुमचे, हे मराठीत लिहून मागा. देईनात तर सही नको.

जनुक बदललेले जिवाणू बाहेर पडले तर?

मधुमेहाचं इन्सुलिन १९८० च्या दशकापासून असेच जिवाणू बनवतात. टाकीत लाडाने वाढवलेले असे जिवाणू मोकळ्या मातीत सहसा तग धरत नाहीत. तरी बेफिकिरी नको. भारतात १९८९ च्या नियमांनुसार त्यांच्यासाठी परवानगी लागते. शेतात सोडायच्या जिवाणूंबाबत मी जास्त सावध राहीन, बंद टाकीतल्यांबाबत कमी.

मुलीला बारावीनंतर मायक्रोबायोलॉजीला घालू का? नोकरी मिळेल?

शिवाजी विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजीचे विभाग आहेत, जिल्ह्यातल्या कॉलेजांतही पदवी होते. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये जैवउत्पादनासाठी ‘बायोई-३’ धोरण मंजूर केलं, पण धोरणाच्या भरवशावर पोरीचं शिक्षण ठरवू नका. डिस्टिलरी, डेअरी, सांडपाणी प्रकल्प, जैविक खतांचे कारखाने इथे आजही माणसं लागतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. पदवीबरोबर तिला फर्मेंटर चालवणं आणि थोडं केमिकल इंजिनिअरिंग येत असेल तर मागणी वाढते, कारण कल्चर सांभाळणारे पुष्कळ आहेत, शंभर लिटरचं काम लाखावर नेणारे थोडे. प्रवेश घेण्याआधी गाळप हंगामात तिला एकदा ओळखीच्या डिस्टिलरीत नेऊन आणा. स्पेंटवॉशच्या टाकीपाशी उभी राहूनही तिने चार प्रश्न विचारले, तर अर्ज भरा.